तीन दिवसांचे पाहुणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला बाहेरून वक्ता न बोलावता मंडळातल्याच दोघीतिघींनी 'सुट्टीतला प्रवास' या विषयावर बोलावे, असे कार्यकारिणीने ठरवले. माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी आपल्याला थेट केदारनाथापर्यंत नेऊन आणले. माझा प्रवास त्यापुढे अगदीच लहान आहे. वाईपासून साठ किलोमीटरांच्या पलीकडे मी गेलेच नाही. लिंब, मेणवली, धोम, नायगाव, महाबळेश्वर ही नावे ऐकून, "यात सांगण्यासारखे काय? हे तर आपल्या अंगणातले!" असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण हे अंगण दुसऱ्या कुणाला दाखवण्याची वेळ आली, आणि तेही कारण मनात ठेवून, तेव्हा जे दिसले ते आज सांगावेसे वाटते.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली आणि मुलांचे आजी-आजोबा, म्हणजे माझे आईवडील, आमच्याकडे यायचे ठरले. माझे माहेर अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात. आपल्यापैकी पुष्कळजणींना ते गाव नकाशात सापडायचे नाही, पण तिथली संत्री तुम्ही नक्कीच खाल्ली असतील. बाजारात ती नागपूरच्या नावाने येतात. वडिलांना तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, ती त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. आम्ही दोघी बहिणी. धाकटी हैदराबादला असते. भाऊ नाही.

आता ते कारण सांगते. आदल्या दिवाळीत बाबांची साखर एकदम उतरली आणि ते रात्री ओसरीवर पडले. शेजारच्या मुलाने गाडीवर घालून दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. आम्हांला हे कळले तिसऱ्या दिवशी. का नाही कळवले, असे विचारले तर आई म्हणाली, "तुम्ही दोघी घाबरून निघाल्या असत्या." यावर काय बोलणार! तेव्हापासून ह्यांचे आणि माझे एकच बोलणे चालले होते, की त्या दोघांनी आता इकडे आमच्याजवळ येऊन राहावे. पण बाबांना हे सुचवायचे कसे? आमच्याकडे जुन्या घरांतून एक रीत असे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही. माझ्या बाबांनी ती अक्षरशः पाळली. लग्नानंतर पहिली दोन वर्षे ते आले की बाहेर चहा पिऊन येत आणि पोरीला पाहून निघून जात. थोरलीच्या बारशाला ते पहिल्यांदा आमच्या पंगतीला बसले. रीत सुटली, पण तिची एक शेपटी राहिली. "लेकीच्या घरी तीन दिवस. चौथ्या दिवशी मानूस जड होते," असे ते अजूनही म्हणतात. तीन दिवसांची सुट्टी होती म्हणूनच ते यायला तयार झाले, हे मी ओळखून होते. मला जे काय करायचे होते, ते त्या तीन दिवसांतच करायचे होते. बोलून नाही, दाखवून.

मुलांनी उत्साहाने कार्यक्रम आखला. थोरली तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. वहीच्या दोन पानांवर महाबळेश्वरचे झाडून सारे 'पॉइंट', प्रतापगड, अजिंक्यतारा, सज्जनगड आणि कासचे पठार असा बेत मांडलेला. जानेवारीत कासला फुले नसतात, हे धाकट्याला मान्यच नव्हते. आमच्या सासूबाईंनी ती यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "त्यांना डोंगर दाखवायचा आहे, की डोंगरावरून ढकलायचे आहे?" मग त्यांनीच पेन्सिल घेतली. किल्ले सगळे गेले. कासही गेले. "म्हाताऱ्या माणसाला आधी बसायला जागा दाखवावी, मग देखावा दाखवावा," असे सांगून त्यांनी दिवसाला एकच मोठी जागा ठेवली. दुपारचे जेवण आणि औषध घरी, आणि जिथे जायचे तिथे स्वच्छतागृह आहे की नाही याची आधी चौकशी. हा शेवटचा मुद्दा सभेत बोलायचा नसतो असे कुणी म्हणेल. पण वयस्कर बायका प्रवासात दिवसदिवस पाणी पीत नाहीत, त्याचे कारण हेच आहे, आणि ते आपणच बोललो नाही तर कोण बोलणार?

महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून कोल्हापूरला जाते. दुपारी बडनेऱ्याला बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा. स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याने कडक इस्त्रीच्या गणवेशातली मुले कागदी झेंडे घेऊन शाळेकडे चालली होती. गाडीतून आधी आई उतरली, मग बाबा. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ती हलकी लागली.

माझ्या लग्नाला त्या वर्षी चौदा वर्षे झाली होती. हिवाळ्यात बाबा आले आणि पिशवीत संत्री नाहीत, असे कधी झाले नव्हते. आईने डोळ्यांनीच मला खुणावले. बाग गेली होती. सातशे फुटांपर्यंत बोअर नेऊनही पाणी लागले नाही, आणि आदल्या उन्हाळ्यात झाडे उभी वाळली. हेही आम्हांला कळवले नव्हते. आईने संत्र्यांच्या जागी हळद आणली होती, तिच्या माहेरची, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे तिने सासूबाईंना पहिल्या चहालाच सांगितले. वाईला हळद आणणारी पाहुणी म्हणून आमच्या घरी तिची अजून थट्टा होते.

माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आम्ही थोडाच वेळ थांबलो. तिथे शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, ती आजोबांना दाखवल्यावाचून धाकटा पुढे हलेना. मग निघालो ते लिंबला.

बारा मोटांची विहीर आपल्यापैकी किती जणींनी पाहिली आहे? हात वर करा म्हणत नाही. मी स्वतः लग्नानंतर आठ वर्षांनी पाहिली. महामार्गावरून आत वळून शेतांमधून गेल्यावर ती अचानक पायांशी येते. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेली, आणि बांधून घेतली विरूबाई भोसले या बाईंनी. त्या साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या घरातल्या. वर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडून लांबट भाग, म्हणजे वरून पाहिले तर शिवलिंगाचा आकार. खोली एकशेदहा फूट, व्यास पन्नास फूट सांगतात. आत उतरायला रुंद पायऱ्या, आणि मधोमध पाण्यावर चक्क दगडी महाल. कोरीव खांब आहेत, बसायला बैठक आहे. सासूबाईंच्या नियमात इतकी चपखल बसणारी जागा दुसरी नसेल.

आई वरच बसली. बाबा मात्र नातवाचा खांदा धरून पायरी-पायरी उतरले. काठावर जिथे मोटा लावायच्या त्या दगडी जागा त्यांनी एकेक करून मोजल्या. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणजे निदान चोवीस बैल. "चोवीस बैलांचा चारा," ते म्हणाले, "अन् बारा गडी. हे काही हौसेचं काम नाही." तो सगळा उपसा आमराईसाठी होता, तिथे तीन हजार तीनशे आंब्याची झाडे होती असे सांगतात. झाडांचा आकडा ऐकून बाबांनी मान हलवली. बागेला पाणी किती लागते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

मग त्यांनी मुलांना मोट समजावून सांगितली. आमच्या थोरलीने मोट हा शब्द पुस्तकात वाचला होता, पण ती कशी चालते हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही धड नव्हते. चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. जाड दोर तो नाडा, तो मोटेच्या तोंडाला. बारीक दोर तो सोंदूर, तो सोंडेला. बैल उतरत्या धावेवरून विहिरीपासून लांब गेले की मोट वर येते, सोंड आपोआप पुढे ओढली जाते आणि पाणी थारोळ्यात पडते. मग बैलांनी मागे पावले टाकत यायचे. "बैलाले उलटं चालाले शिकवा लागते, ते सगळ्यात कठीन," असे म्हणून बाबा स्वतः त्या महालात चार पावले मागे चालून दाखवू लागले. मी घाबरून पुढे झाले, पण ते अगदी ठीक होते. त्यांच्या आजोबांच्या विहिरीवर दोन मोटा होत्या आणि वीस फुटांवर पाणी होते. नंतर इंजिन आले, मग विजेची मोटार, मग बोअर.

"मग पाणी कुठे गेले?" धाकट्याने विचारले.

"आम्हीच उपसलं," बाबा म्हणाले. "त्याले दोष नाही."

लहान मुलाला त्यात काही विशेष वाटले नाही. तो खाली पाण्यातले मासे पाहू लागला. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा बाबांना शेतीबद्दल असे बोलताना ऐकले. घरी विचारले असते तर त्यांनी पावसावर, सरकारवर, भावावर बोट ठेवले असते, आणि त्यातही काही खोटे नव्हते. तीनशे वर्षांची विहीर जानेवारीत भरलेली समोर होती, तिच्यापुढे ते तसे बोलले नाहीत. वर आल्यावर त्यांनी विचारले, "हे बांधनारी बाई कोन होती मंता?" मी सांगितले. त्यांनी दगडाला हात लावून नमस्कार केला.

शनिवारी सकाळी आपला घाट. बाबांना मी ढोल्या गणपतीचे दर्शन घडवले, ते त्यांनी भक्तिभावाने घेतलेही. पण त्यांचा अधिक वेळ गेला तो देवळाच्या मागे. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले आणि पुराचे पाणी दुभंगावे म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली, हे आपण पाहुण्यांना येता-जाता सांगतो. ती भिंत आपण नीट कधी पाहिली आहे का? बाबांनी तिच्या कडेने हात फिरवला, नदी कुठून येते ते पाहिले, पूर कुठपर्यंत चढतो ते तिथल्या एका फुलवाल्याला विचारले. अर्ध्या तासात त्या फुलवाल्याची जमीन किती, ऊस किती, पाणी कुणाचे, ही सारी माहिती त्यांना झाली. पाहुण्यांना आपला मुलूख दाखवायचा म्हणजे आपण पुढे होऊन बोलत राहायचे, असा माझा समज होता. इथे मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मला माझ्याच गावाची नवी माहिती मिळत होती.

मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यापेक्षा घंटेची गोष्ट अधिक रंगली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरीची आकृती आहे. चर्चची घंटा देवळात वाजते आणि कुणाचे काही बिघडत नाही, हे आईला फार आवडले. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाले, हे थोरलीने सांगितले. त्यावर आजोबांची प्रतिक्रिया शून्य. धोमच्या धरणावर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. साडेतेरा टीएमसी पाणी. मला वाटले, आता पाण्याचे कौतुक करतील. ते म्हणाले, "अन् याच्याखाली कोनाचं वावर गेलं?" वावर म्हणजे शेत. आमच्या ह्यांना उत्तर ठाऊक होते. त्यांच्या ओळखीतल्या दोन घरांच्या जमिनी त्यात गेल्या आहेत. मग त्या दोन घरांची हकीगत निघाली आणि दुपारच्या औषधाची वेळ टळली.

दिवसाला एक मोठी जागा, हा नियम आईने मोडला. आत्तापर्यंत तिने काही मागितले नव्हते. जेवण झाल्यावर ती हळूच म्हणाली, "नायगाव लांब आहे का गं?"

नायगाव म्हणजे सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव. आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. खंबाटकीचा घाट उतरून शिरवळच्या बाजूला. ३ जानेवारी १८३१ ला खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी तिथे त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी, १८४० साली लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या, आणि १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे मी या मंडळात सांगावे असे नाही. आपण दरवर्षी ३ जानेवारीला त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. पण नायगाव आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि मी तिथे तोवर गेले नव्हते. आईने मात्र चौतीस वर्षे शाळेत दर ३ जानेवारीला मुलींकडून तो कार्यक्रम बसवून घेतला होता. त्या घराच्या दाराशी तिने चपला काढल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्याला हात लावून आत गेली. गुडघ्यांची तक्रार त्या तासाभरात तिने केली नाही.

तिथे बाहेर आम्ही बसलो असताना ती मुलांना एक हकीगत सांगत होती. सावित्रीबाई १८५६ साली आजारी पडल्या, तेव्हा विश्रांतीसाठी इथे माहेरी येऊन राहिल्या होत्या. इथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून भावाने त्यांना बोल लावला आणि त्यांनी माहेरच्या ओसरीवरच त्याला सडेतोड उत्तर दिले. आईने हे शाळेत कितीदा सांगितले असेल. पण त्या दिवशी सांगता सांगता ती थांबली आणि मुलांकडे न पाहता बाबांकडे पाहून म्हणाली, "लेक दुखण्यात माहेरी येते, ते चालते. मायबाप दुखण्यात लेकीकडे गेले तर काऊन चालत नाही?"

बाबांनी काही उत्तर दिले नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि बंद केली. भगिनींनो, मी अडीच महिने ज्या वाक्याची जुळवाजुळव करत होते, ते माझ्या आईने सावित्रीबाईंच्या दारात बसून एका दमात बोलून टाकले.

या जागी थोडे कायद्याचे सांगते, कारण आपल्या मंडळात हा प्रश्न वारंवार निघतो. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलासारखा हक्क आपल्या राज्याने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशात तो २००५ साली आला. हक्काचे आपण बोलतो, त्यासाठी भांडतोही. जबाबदारीचे मात्र आपले घर, आपली सासू, आपला दीर, आणि मुख्य म्हणजे आपला बापच बोलू देत नाही. माझ्या बाबांसारखा मनुष्य कायदा दाखवून कधी आला नसता. उलट चिडला असता.

रविवारी पहाटे सहालाच पसरणीचा घाट चढायला लागलो. जोडून सुट्टी आली की दहानंतर त्या घाटात काय होते हे सांगून मी तुमचा वेळ घेत नाही; आपण सगळ्या त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आहोत. गजबजलेली बाजारपेठ टाळून थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठले. थंडी कडक होती. आईला दोन शाली. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडते, ते कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे, अशी श्रद्धा आहे. थोरलीने आजोबांना ओल्या फरशीवर बोटाने नकाशा काढून दाखवला. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते; आपली कृष्णा पूर्वेकडे चौदाशे किलोमीटर जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला.

बाबा तिथे खाली बसले आणि त्यांनी त्याच फरशीवर वर दुसरा नकाशा काढला. आमच्या वरूडपासून सातपुड्याकडे गेले की मध्यप्रदेशातली मुलताई लागते. तिथे तापी उगम पावते, ती पश्चिमेला जाते. त्याच मुलताईच्या बाजूला वर्धा नदी उगम पावते, ती आमच्या अंगाने दक्षिणेला येते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. "म्हंजे तुह्या आईच्या गावची नदी अन् तुह्या गावची नदी," ते नातीला म्हणाले, "शेवटी शेजारी-शेजारीच जाऊन पडतात." भूगोलाच्या पुस्तकात गोदावरीचा आणि कृष्णेचा त्रिभुज प्रदेश एकमेकांना लागून दाखवलेला असतो. मी ते शाळेत पाठ केले होते, वर्धेचे पाणीही प्यायले होते आणि कृष्णेचेही. पण हे दोन धागे कधी जोडले नव्हते. शेजारच्या जुन्या कृष्णाबाईच्या देवळात आईने तिला वायगावची हळद वाहिली आणि ओटी भरली. आपल्याकडे नदीला बाई म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते. "मग हिचा उत्सव केव्हा असतो?" तिने विचारले. मी म्हटले, वाईला घाटांवर माघात सुरू होतो, पंधरा दिवसांवर आला आहे. ती काही बोलली नाही, पण तिने बाबांकडे पाहिले.

उतरताना एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे स्ट्रॉबेरीच्या मळ्यात थांबलो. मुले खात होती. बाबा ठिबकच्या नळ्या पाहत होते. एका झाडाला दिवसाला किती पाणी, प्लास्टिकचे आच्छादन कशासाठी, रोप कुठून, भाव काय. बाहेर पडताना त्यांनी दोन खोकी विकत घेतली, पैसे ह्यांना देऊ दिले नाहीत, आणि एक खोके माझ्या हातात ठेवून म्हणाले, "यंदा संत्री नव्हती." एवढेच.

घरी आल्यावर सामान बांधायचे होते. माझा धीर सुटत चालला होता. तीन दिवस संपले होते आणि बोलणे झालेच नव्हते. शेवटी ते बोलल्या आमच्या सासूबाई. माझ्या मैत्रिणी मला विचारतात की तुला सासू कशी आहे, त्यांनी हे ऐकावे. त्या बाबांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, मला ऐकू कमी येते. ही दोघे कामाला जातात, मुले शाळेत. दारावरची घंटा वाजली तरी मला कळत नाही. विहीणबाई इथे राहतील तर माझी सोय होईल. तुम्ही काय ते सोबत या." बाबांना लेकीच्या घरी राहायचे नव्हते, विहिणीची सोय करायला यायची गोष्ट निराळी. हे त्यांनाही कळले असणार. ते हसले. मग म्हणाले, "उन्हाळ्यात पाहू."

गाडी संध्याकाळची. स्टेशनवर आई माझ्या कानाशी म्हणाली, "हळदीचा डबा मुद्दामच तिथे ठेवला आहे."

त्या वर्षी एप्रिलमध्ये ते दोघे आले. विदर्भातला उन्हाळा टाळायला, असे गावात सांगून आले. मृग लागायच्या आधी बाबांनी परत जायचे ठरवले आणि गेले; शेत आहे, बाग नसली तरी सोयाबीन आहे, घराला कुलूप बघवत नाही. २०२५ सालीही तसेच. म्हणजे कायमचे राहायला ते अजून आलेले नाहीत, आणि दर जूनमध्ये त्यांना गाडीत बसवताना माझ्या पोटात गोळा येतो. आईला मात्र इथे मैत्रिणी झाल्या आहेत. मंडळाच्या वाचनालयात उन्हाळ्यात पुस्तकांना कव्हरे घालणारी जी बाई तुम्ही पाहता, ती तीच. बाबा रोज संध्याकाळी घाटावर त्या फुलवाल्यापाशी बसतात.

चौथा दिवस उजाडला तेव्हा बाबांनी एक अट घातली होती, ती सांगायची राहिली. या घरातल्या दुधाचे आणि वर्तमानपत्राचे पैसे ते देणार. ह्यांनी पुष्कळ विरोध केला. मी केला नाही. फ्रीजवर एक डबी आहे, तिच्यात ते महिन्याच्या एक तारखेला मोजून पैसे ठेवतात, आणि जूनमध्ये जाताना त्या महिन्याचे जेवढे दिवस इथे झाले, तेवढ्यांचे.